उत्तरेचा उजेड

आमच्या काकीचे कान सुंदर होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते नुसत्या जळफळाटापोटी लिहिलं असं कुणी म्हणायला नको. जळफळाट आहेच, आणि तो लपवायचं आता माझं वयही राहिलेलं नाही. पण कान खरोखर सुंदर होते, पातळ पाळ्यांचे, डोक्याला चिकटून बसलेले, आणि त्या कानांत आमच्या आजीच्या हिऱ्याच्या कुड्या असायच्या. मधे एक खडा, भोवती सहा, मागून सोन्याचं बंद कोंदण. मनवेलपाड्याच्या आमच्या चाळीत सकाळी दारातून उन्हाची एक तिरीप मोरीपर्यंत यायची. काकी पाणी भरायला वाकली की ती तिरीप कुड्यांवर पडायची आणि समोरच्या निळ्या भिंतीवर ठिपके नाचायचे. लहानपणी मी त्या ठिपक्यांवर हात मारत पळायचे. मात्र तेव्हा मोरीवर वाकलेली बाई माझी आई असायची, आणि कुड्या तिच्या कानांत असायच्या.

बाबा आणि काका दोघे देवगडकडून आलेले. दोघांनी मिळून चाळीत शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या आणि मधल्या भिंतीला दार पाडलं. बाबा थोरले, म्हणून आजीने जाताना कुड्या आईच्या हातात दिल्या. मी नववीत असताना बाबा गेले. आईने मंगळसूत्र काढलं, त्याबरोबर कुड्याही काढल्या. कुड्या काढायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हणालं नाही. तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे पांगले तशी काकी आईजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही काय आता घालणार नाही. पेटीत ठेवले तर हिरे मरतात म्हणे." आईने पेटी उघडली आणि कुड्या काढून दिल्या. हिरा मरत नाही. तो पेटीत ठेवा, चिखलात ठेवा, राखेत पुरा, जसाच्या तसा राहतो. हे मला पुढे चांगलं शिकायला मिळालं, पण त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं आणि आईलाही नव्हतं.

त्यानंतर घर एकच राहिलं, फक्त त्यातली कामं वाटली गेली. म्हणजे ती सगळी आईच्या वाट्याला आली. पहाटे रॉकेलचा स्टो पेटायचा, त्याचा फरफर आवाज, त्यावर भाकरी थापल्याचा थपथप आवाज, आणि काकांचा रेडिओ. अर्नाळ्याची कोळीण दाराशी टोपली टेकायची, "घे गो बाय, मांदेली ताजी हाय," आणि आई आतून म्हणायची, "काकींना विचार." घरातल्या मासळीचा निर्णय आईने घ्यायचा नाही, फक्त ती साफ करायची आणि शिजवायची. आई कुळथाची पिठी अशी करायची की चाळीतल्या बाया वाटी घेऊन यायच्या. काका जेवताना बांगड्याचं डोकं चोखून चोखून खायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही." आई खूश व्हायची. मला त्या वेळीही राग यायचा, पण कशाचा ते नीट सांगता यायचं नाही.

बारावीनंतर काकांनीच मला कामाला लावलं. ते नोकरी सांभाळून जागांची दलाली करायचे. त्या दिवसांत विरारमध्ये ज्याला म्हणून दोन माणसं ओळखत होती तो दलाली करत होता. रमणिकभाईंना हिऱ्याच्या कारखान्यासाठी विरार पूर्वेला गाळा काकांनी मिळवून दिला होता. बाहेरच्या खोलीत पैलू पाडणारी पोरं चाकांवर बसायची. आत पार्टिशनच्या मागे आमचं छाटणीचं टेबल होतं. तयार झालेला बारीक माल तिथे यायचा आणि आम्ही मुली तो रंगाने, सफाईने, घडणीने वेगळा करायचो. पहिल्या दिवशी मी नवा पिवळा पंजाबी ड्रेस घालून गेले. शेजारी बसणारी आग्नेस, वसईच्या गावठाणातली, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हळदीला आली की कामाला?" ती म्हणाली. मग माझा हात उलटा करून नखं बघितली. "आनि हे बघ. घरी हळद कुटते का? जा, सोडा लावून धू. पानी गरम घे." मला वाटलं, बाई उगाच टोचते आहे. पण हिरा आजूबाजूचा रंग पितो. पिवळा ओढणीचा काठ, नखातली हळद, पिवळी भिंत, काहीही त्याच्यात उतरतं आणि पांढरा खडा पिवळा दिसतो. त्यानंतर कामाला असेपर्यंत मी पांढरे नाहीतर राखाडी कपडे घातले. चाळीतल्या बायका आईला विचारायच्या, पोरीला एवढ्यात काय वैराग्य आलं.

मला शिकवलं ते रमणिकभाईंनी. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम चिमटा खोचलेला. त्यांची भाषा गुजराती, हिंदी आणि मराठी मिळून झालेली होती, पण शिकवताना ती अगदी स्वच्छ व्हायची. उत्तरेच्या खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. पूर्वेचा उजेड सकाळी पिवळा, पश्चिमेचा संध्याकाळी तांबडा, दक्षिणेचं ऊन सरळ डोळ्यात. उत्तरेचा उजेड तेवढा दिवसभर एकसारखा, त्याला स्वतःचा रंग नाही. पांढऱ्या कागदाची घडी घालायची, त्या घडीत हिरा पालथा ठेवायचा, टोक वर. "सीधा रखेगी तो वो हसेगा," ते म्हणायचे. "हसणाऱ्या माणसाचा रंग कळत नाही. उलटा कर, फिर देख." आणि एकटा बघायचा नाही. एकटा कुठलाही हिरा पांढराच दिसतो. शेजारी नमुन्याचा खडा ठेवला की मग झाक दिसते, दुधात चहाचा थेंब पडावा तशी. मग भिंगातून आत बघायचं. आत पिसासारखी चीर आहे का, काळा ठिपका आहे का, तो मधोमध आहे की कडेला. कडेचा ठिपका सोनार कोंदणाखाली लपवतो, म्हणून त्याला थोडी माफी. मधल्याला माफी नाही. मग घडण, पैलू सारखे पडलेत का, उजेड वरून येतो तसा परत फिरतो का की खालून गळून जातो. आणि शेवटी वजन. लोक वजनापासून सुरुवात करतात. रमणिकभाई म्हणायचे, वजन तर काटाही सांगतो, त्यासाठी माणूस कशाला पाहिजे.

टेबलावर बोलायची पद्धत नव्हती. बोललं की श्वासाने बारीक माल उडतो, आणि एकाचं मत दुसऱ्याच्या डोळ्यात शिरतं. म्हणून सगळं चिमट्याने चालायचं. पांढरा, चांगला खडा असेल तर तो स्वतःकडे ओढायचा. पिवळा किंवा डागाळलेला असेल तर समोर ढकलायचा, टेबलाच्या पलीकडच्या कडेला. बस, एवढीच आमची भाषा. रमणिकभाई माझा माल तपासायला घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही, हाताकडे बघायचे. मी ओढलेला खडा त्यांनी पुढे ढकलला की मी तो परत घेऊन पालथा करून बघायचे. वर्षभराने असे खडे फार थोडे राहिले. एकदा ते घरी काकांना म्हणाले, "छोकरीची आँख सोन्याची आहे." काकांनी ते चाळभर सांगितलं. आता मशिनी आल्या, प्रमाणपत्रं आली, खड्याच्या कमरेवर डोळ्याला न दिसणारा नंबर कोरतात, आणि कारखान्यात उगवलेले हिरे खऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतात. त्याचं मला काही वाईट वाटत नाही. माणसाच्या जिभेपेक्षा मशिन बरी, असं माझं मत त्याच कारखान्यात झालं.

झालं असं की आमच्या गाळ्याच्या उत्तरेला मोकळं मैदान होतं, तिथे इमारत उभी राहिली. त्या काळात विरारमध्ये हे रोजचंच होतं. सकाळी गवत दिसायचं तिथे संध्याकाळी वाळूचा ढीग पडायचा. एकेक स्लॅब चढत गेला आणि आमच्या खिडकीतला उजेड एकेक वीत खाली गेला. शेवटी त्यांनी बाहेरून भिंतीला पिवळा रंग दिला. म्हणजे उजेड होता तोही पिवळा झाला. रमणिकभाईंनी तऱ्हेतऱ्हेच्या ट्यूबा लावून बघितल्या. बाजारातून माल परत यायला लागला, रंग चुकला म्हणून. खिडकीशी उभे राहून ते त्या भिंतीकडे असे बघायचे की जणू तिने त्यांच्या घरातलं कुणी खाल्लं होतं. मला त्यांची खरोखर दया यायची.

त्याच सुमाराला आमची चाळ पाडून बिल्डिंग बांधायचं ठरलं. बोलणी काका करत होते. आमच्या दोन खोल्यांच्या बदल्यात एक मोठा फ्लॅट मिळणार होता, हॉल, दोन बेडरूम, आत संडास. आई कित्येक दिवस त्या आतल्या संडासाबद्दलच बोलत होती, पावसात डबा घेऊन रांगेत उभं राहायला नको म्हणून. पण खोल्यांचे कागद काकांच्या नावावर होते. बाबा गेल्यावर "सोयीसाठी" केले होते. ही सोय कुणाची ते विचारायला घरात कुणी नव्हतं. एके दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर काकांनी आईला समोर बसवलं. काकीने कानातून कुड्या काढून पाटावर ठेवल्या. इतकी वर्षं तिच्या कानांत होत्या, त्या काढताना मात्र तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही, हे मी बघितलं.

"वहिनी," काका म्हणाले, "आमच्या नंदूचं उद्या लग्न होईल, घरात सून येईल. तुम्हाला सुमनचं बघायचंय. एका घरात दोन चुली म्हणजे उगाच कटकट. आईच्या कुड्या तुमच्या. हिरे आहेत, काही साधी गोष्ट नाही. फ्लॅट आम्ही ठेवतो. वाटणी बरोबरीची झाली, दादाच्या आत्म्यालाही शांती."

"आणि आम्ही राहायचं कुठे?" मी विचारलं.

"हिरे आहेत ना गं," काकी म्हणाली. "एवढ्यात दोन घरं येतील."

मी कुड्या उचलल्या आणि दारात गेले. आमच्या दाराला उत्तर नव्हती, पण दुपारी समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून बरा उजेड यायचा. भिंग माझ्या पर्समध्ये असायचंच. कोंदण मागून बंद होतं, आत चमकीसाठी डांक बसवलेला, म्हणजे खड्याच्या पाठीमागे चांदीचा पत्रा, तो हलक्या खड्यालाही गोरा करून दाखवतो. वरून कुड्या लखलखत होत्या. मी त्या तिरक्या धरल्या आणि कडेने बघितलं. कडेला पिवळी झाक होती, जराशी नाही, चांगली दिसेल एवढी. दोन खड्यांत काळे डाग होते, अगदी मधोमध. मग मी त्यांच्यावर श्वास सोडला. हिऱ्यावर वाफ टिकत नाही, लगेच उडते. उजव्या कुडीतला एक खडा तसाच धुरकट राहिला. त्याच्या पैलूंच्या कडा झिजून बोथट झाल्या होत्या. हिऱ्याच्या कडा जन्मात झिजत नाहीत, काचेच्या झिजतात. कधीतरी मूळ खडा पडला असेल आणि कुणा सोनाराने गुपचूप भरून दिला असेल. मी आत आले आणि जसं होतं तसं सांगितलं. हलका पिवळा माल आहे, खडे बारीक, जुन्या घडणीचे, डागी, त्यांतली एक काच. यात घर सोडा, त्या नव्या फ्लॅटची मोरीसुद्धा यायची नाही.

काकांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ते हसले. "शिकली पोरगी," ते म्हणाले. "पण बेटा, तू चार दिवसांची. आपण तुझ्या रमणिकभाईंनाच विचारू. तो तर तुझा गुरू. तो म्हणेल ते तुला मान्य?" मी म्हटलं, मान्य. मला इतका विश्वास होता की त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, फ्लॅटमध्ये आपण खिडकीजवळची खोली मागू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका, काकी, आई आणि मी, असे चौघे कारखान्यात गेलो. आईने तिची चांगली साडी नेसली होती, फिकट जांभळी. चाकावरच्या पोरांनी मान वर केली आणि परत खाली घातली. रमणिकभाईंनी आईला खुर्ची दिली, आपल्या टेबलाच्या बरोबर समोर. काका त्यांच्या बाजूला उभे राहिले. आग्नेस तिच्या जागेवर होती, ती उठली नाही पण तिचा चिमटा थांबला. रमणिकभाईंनी पांढरा कागद घातला, कुड्या पालथ्या केल्या, तिरक्या धरल्या, जशा मी धरल्या होत्या तशाच. कडेने बघितलं. भिंग लावलं. मग त्यांच्यावर श्वास सोडला. मी समोर आईच्या मागे उभी होते, तिथून मला दिसलं, सगळे खडे लख्ख झाले आणि एक धुरकट राहिला. त्यांनी तो बघितला. बघितला म्हणजे बघितलाच, त्यांची नजर त्याच्यावर थांबली, मग उठून काकांकडे गेली आणि परत कागदावर आली.

"बेन," ते आईला म्हणाले, "माल सफेद आहे. जुना माल, आता असा मिळत नाही. संभाळून ठेवा."

आणि हे म्हणताना त्यांच्या हातातल्या चिमट्याने त्या कुड्या कागदावरून सरकवल्या. समोर. टेबलाच्या पलीकडच्या कडेला, आईच्या पुढ्यात.

सगळ्यांना वाटलं, वस्तू मालकिणीच्या हवाली केली. आईने तर दोन्ही हात पुढे केले. मी मात्र चिमटा बघितला होता. मी म्हटलं, "रमणिकभाई, तुम्ही ढकलल्यात." काका म्हणाले, "ढकलल्या म्हणजे?" मी म्हटलं, "आमच्यात हलका माल समोर ढकलतात. विचारा त्यांना. विचारा आग्नेसला." आग्नेसने मान खाली घातली. रमणिकभाई माझ्याकडे न बघता चिमटा पुसत राहिले. "बेटा," ते म्हणाले, "मी तर आईला दिलं. दुसरं कुठे देणार?" काकी फिस्कन हसली. काका म्हणाले, "हिला आता हात दिसायला लागले. चला वहिनी." आई उठली, कुड्या रुमालात बांधल्या आणि रमणिकभाईंना हात जोडले. जिन्यावर आग्नेसने मला गाठलं. "मी बघितलं गं," ती म्हणाली. "ढकललं त्याने. पन मी कोन सांगनार? माज्या घरी तीन लहान भावंडं हायत." मी तिच्यावर रागावले नाही. ती खरंच बोलत होती, आणि तिथे तेवढंच एक खरं बोलणारं माणूस होतं.

आजही मला कळलेलं नाही की तो हात सवयीने गेला की त्यांनी मुद्दाम मला सांगितलं. तरुणपणी मी स्वतःची समजूत घालायचे, की निदान हाताने तरी त्यांनी माझ्याशी खोटेपणा केला नाही. आता मला ती समजूत घाणेरडी वाटते. हाताचं खरं काय चाटायचंय? सही तोंडाच्या शब्दावर झाली.

होय, आईने वाटणीच्या कागदावर सही केली. घरी आल्यावर मी तिच्यापुढे डोकं आपटलं. तिने तांदूळ निवडायला घेतले होते, ते खाली ठेवले नाहीत. "तू म्हणतेस तेच खरं असेल गो," ती म्हणाली. "कुड्या सासूबाईंनी मला दिल्या तेव्हासुद्धा मला त्या पिवळटच वाटल्या होत्या. पण माझं नाव कशावर आहे? सही नाही केली तरी जायचंच आहे. हाकलून दिलं म्हणण्यापेक्षा वाटणी झाली म्हणणं बरं. तुला उद्या स्थळ येईल, ते विचारतील." एवढं बोलून ती तांदळातले खडे काढत राहिली. मी तिला त्या दिवशी फार वाईट शब्द बोलले. ते तिच्यासाठी नव्हते, पण समोर तीच होती.

आम्ही चंदनसारला भाड्याच्या खोलीत गेलो. पत्र्याचं छप्पर, संडास बाहेर, परत डबा घेऊन रांग. कुड्या स्टेशनजवळच्या एका सोनाराला दाखवल्या, तो म्हणाला फक्त सोनं धरतो, खडे तुमचे तुम्ही घेऊन जा. आईने त्या परत आणल्या आणि तांदळाच्या डब्यात ठेवल्या. ती एकदाही त्या कानांत घालणार नव्हती. घर देऊन जी वस्तू घेतली ती घालायची तिला परवानगीच नव्हती, आणि हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. यातली क्रूरता काकांच्या लक्षात आली असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो. मला वाटतं, नसेल आली. लक्षात आलं असतं तर बांगड्याचं डोकं इतक्या चवीने खाता आलं नसतं.

नवी बिल्डिंग उभी राहिली तेव्हा रमणिकभाईंनी आम्हाला सांगितलं, कारखाना हलवायचाय. कुठे ते मी विचारलं नाही, रस्त्याने चालताना कळत गेलं. मनवेलपाड्यात, आमच्या चाळीच्या जागेवर. पहिल्या मजल्यावरचा मोठा गाळा, उत्तरेला तीन भल्यामोठ्या खिडक्या, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे शाळेचं मैदान, म्हणजे पुढे कधी काही बांधलं जाण्याची भीती नाही. असा गाळा विरारमध्ये शोधून सापडला नसता. काकांनी मिळवून दिला होता. उजेड इतका सुंदर होता की मी दारातच थांबले. रमणिकभाईंनी मधल्या खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी ओढली. "इथे बस," ते म्हणाले. "तुझी जागा." मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्ही काच बघितली होती ना?" पोरं चाकं बसवत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आँख का काम देखना," ते म्हणाले. "बोलना अलग धंदा है, बेटा. अंधेरे में चालीस घर का चूल्हा नहीं जलता." चाळीस घरांची चूल पेटावी म्हणून एक घर विझवलं, असा त्यांचा हिशोब होता. मी त्या खुर्चीवर बसले. खोलीचं भाडं माझ्या पगारातून जात होतं. वरच्या मजल्यावर काकी मसाला वाटायची तो आवाज मला दिवसभर ऐकू यायचा, आणि दुपारी बांगड्याचा वास खाली यायचा. आई शिजवायची तसा तो कधीच आला नाही, एवढं एक समाधान होतं.

पुढे माझं लग्न झालं, मोडलं नाही, फार रंगलंही नाही. आणखी दोन ठिकाणी मी छाटणीचं काम केलं, मुलींना शिकवलं, डोळे थकल्यावर सोडलं. आई माझ्याकडे असतानाच वारली. काका, काकी, रमणिकभाई, आता कुणी नाही. आम्ही इथे विरारलाच फ्लॅट घेतला तेव्हा मी बाकी काही बघितलं नाही, फक्त स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे का ते बघितलं.

गेल्या महिन्यात नंदू आला होता, काकांचा मुलगा. त्याच फ्लॅटमध्ये राहतो. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. केस पांढरे झालेत, काकांसारखाच हसतो. चहा घेतला, चिवडा खाल्ला, आईच्या फोटोला नमस्कार केला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "सुमाताई, एक मागायचं होतं. रागावू नकोस. बाबा शेवटपर्यंत सांगायचे, वहिनींना आपण आजीचे हिरे दिले, आपल्या वाट्याला नुसत्या भिंती आल्या. आमची त्याबद्दल काही तक्रार नाही हं. जे झालं ते झालं. पण पोरीची फार इच्छा आहे, लग्नात घराण्याच्या कुड्या घालायची. तुला तर मूल नाही. मनाचा मोठेपणा दाखव."

तो थट्टा करत नव्हता. इतकी वर्षं त्या घरात, त्या आतल्या संडासासकट, ही माणसं आमच्याबद्दल कडवटपणा बाळगून बसली होती. त्यांच्या मते लुबाडले गेले होते ते.

मी उठले. तांदळाचा डबा आणि माझा जुना छाटणीचा चिमटा काढला. ओट्यावर खिडकीखाली पांढरा कागद घातला, सवयीने घडी केली, आणि कुड्या पालथ्या ठेवल्या. सकाळची वेळ होती, उजेड चांगला होता. नंदू मागे येऊन उभा राहिला. मी त्या तिरक्या केल्या, कडेने बघितल्या, श्वास सोडला. काच धुरकट राहिली.

"चांगल्या आहेत ना गं?" त्याने विचारलं. "तू तर पारखी."

"रमणिकभाईंनी तेव्हाच सांगितलंय," मी म्हटलं. "माल सफेद आहे. संभाळून ठेव."

आणि चिमट्याने मी त्या कुड्या कागदावरून समोर सरकवल्या, ओट्याच्या पलीकडच्या कडेला, जिथे त्याचा हात होता. त्याचे डोळे भरून आले. तो वाकून माझ्या पाया पडला. मग त्याने कुड्या रुमालात बांधल्या, रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला आणि गेला. खिडकीतून मला फाटकापर्यंतचा रस्ता दिसतो. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याने खिशावरचा हात काढला नाही.